बाळ यायच्या आधी नर्सिंग ब्रा घेताय? साईज कशी ठरवायची ते सगळं सविस्तर

मैत्रिणींनो, पहिल्या वेळी मला पाचव्या महिन्यातच जुन्या ब्रा काचायला लागल्या आणि मी एका दुकानात जाऊन एकदम चार नर्सिंग ब्रा (बाळाला पाजताना क्लिप काढून कप खाली सोडता येतो अशा) घेऊन आले, चारही एकाच साईजच्या. दुकानातल्या ताईंनी टेप न लावता नुसतं बघून साईज सांगितली आणि मीही ती बरोबरच असणार असं धरून चालले. बाळ झाल्यावर तिसऱ्या रात्री दूध उतरलं, छाती दगडासारखी कडक झाली आणि त्या चारातल्या एकीचाही कप नीट बसेना. पहाटे तीनला एका हातात रडणारं बाळ आणि दुसऱ्या हाताने मी ती क्लिप काढायचा प्रयत्न करतेय, ती काही निघेना. शेवटी ब्रा काढूनच टाकली तर खाली वायरचा अर्धगोल लाल वळ उठलेला होता, आणि दुसऱ्या दिवशी बरोबर त्या वळाच्या वरती दुधाची गाठ हाताला लागली.

दुसऱ्या वेळी मी नीट मोजून, योग्य वेळी आणि कमीच घेतल्या, आणि पहिला महिना खूपच सोपा गेला. तेव्हा जे जे कळलं ते इथे क्रमाने लिहितेय.

१) आधी हे समजून घ्या: दोन मापं बदलतात आणि दोन्ही उलट दिशेने

हा मुद्दा एकदा डोक्यात बसला की बाकीचा हिशोब आपोआप जुळतो. गरोदरपणात छाती वाढते हे सगळ्यांना माहीत असतं, पहिल्या तीन महिन्यांतच जड वाटायला लागतं कारण आत दुधाच्या ग्रंथी वाढत असतात. पण त्यासोबत बरगड्यांचा पिंजराही रुंदावतो, त्यामुळे छातीच्या खालचा घेर, म्हणजे जिथे ब्राचा पट्टा बसतो तो भाग, शेवटच्या महिन्यांत सगळ्यात जास्त असतो.

बाळंतपणानंतर हा घेर हळूहळू उतरतो, आणि छाती मात्र साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात दूध उतरलं की एकदम फुगते. म्हणजे पट्टा कमी होणार आणि कप वाढणार. मग साधारण दीड-दोन महिन्यांनी बाळाला लागतं तेवढंच दूध बनायला लागतं आणि छाती परत थोडी मऊ होते, उतरते. म्हणून एकच साईज सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुरेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, आणि त्या भरवशावर पाच-सहा तर अजिबात घेऊ नका.

२) कधी घ्यायची

साधारण ३६व्या आठवड्याच्या आसपास. त्याच्या खूप आधी मोजलं तर छाती अजून वाढायची असते, आणि खूप उशीर केला तर बाळ आधीच येऊ शकतं. जुळी असतील किंवा डॉक्टरांनी लवकर होईल असं सांगितलं असेल तर ३२व्या आठवड्यातच हे काम उरकून घ्या.

मग मधल्या महिन्यांचं काय? पट्टाच घट्ट होत असेल आणि कप बरा असेल तर ब्रा एक्स्टेंडर घ्या, म्हणजे मागे हुकाला जोडायचा छोटा तुकडा, त्याने बरेच दिवस निघतात. कपही लहान पडायला लागला असेल तर एक-दोन मऊ, ताणल्या जाणाऱ्या, वायर नसलेल्या ब्रा घ्या, नर्सिंगच्याच घेतल्या तरी चालतील, पुढे रात्री घालायला होतात.

आता इथे हुकांचं एक गणित आहे. चौथ्या-पाचव्या महिन्यात घेताय तर सगळ्यात घट्ट हुकावर बसणारी घ्या, कारण घेर अजून वाढणार आहे आणि बाहेरचे हूक तेव्हा लागतील. शेवटच्या महिन्यात घेताय तर बरोबर उलटं, सगळ्यात सैल हुकावर बसणारी घ्या, कारण आता घेर उतरणार आहे आणि आतले हूक नंतर कामाला येतील. मला हे पहिल्या वेळी कोणीच सांगितलं नव्हतं. आणि शक्यतो हुकांच्या चार रांगा असलेली बघा, दोनच रांगा असतील तर मागेपुढे करायला जागाच राहत नाही.

३) जवळ काय काय लागेल

- शिवणकामाची कापडी टेप (लोखंडी नको, टेप नसेल तर न ताणणारी दोरी आणि पट्टी)
- आरसा, शक्यतो पाठ दिसेल असा, किंवा मदतीला कोणीतरी
- लिहायला कागद किंवा फोन
- दोन ब्रेस्ट पॅड (गळणारं दूध शोषायला कपात ठेवतात ते), ब्रा घालून बघताना लागतील
- ज्या कंपनीची घेणार तिचा साईज चार्ट (हा विसरू नका, का ते पाचव्या मुद्द्यात आहे)

४) माप घेणं

पॅडेड ब्रा घालून माप घ्यायचं नाही, पॅडची जाडी मापात येते. काही न घालता किंवा अगदी पातळ मऊ ब्रावर घ्या.

*छातीखालचा घेर:* सरळ उभं राहा, टेप छातीच्या लगेच खालून गोल फिरवा, श्वास सोडा आणि माप बघा. टेप अंगाला लागून हवी पण रुतायला नको. सगळ्यात जास्त चूक इथे होते ती म्हणजे पाठीमागे टेप खाली घसरते किंवा वर चढते आणि एक-दोन इंचांचा फरक पडतो, आणि आठव्या-नवव्या महिन्यात स्वतःला मागे वळून बघणं जमत नाही, म्हणून आरसा किंवा दुसरं माणूस हवंच.

*छातीचा घेर:* जिथे सगळ्यात भरलेली आहे तिथून, साधारण निपलच्या रेषेत, टेप सैलसर ठेवून. दाबायचं नाही. छाती जड होऊन खाली आली असेल तर नुसतं उभं राहून माप कमी येतं, म्हणून एकदा उभं राहून आणि एकदा कमरेतून पुढे वाकून (टेबलाला धरून वाका, तोल सांभाळा) अशी दोन मापं घ्या आणि मधला आकडा धरा.

दोन्ही बाजू सारख्या नसतात, बऱ्याच जणींची एक बाजू मोठी असते आणि दूध आल्यावर हा फरक अजून दिसतो. साईज मोठ्या बाजूची धरा. लहान बाजूला थोडं सैल राहिलं तरी त्रास नाही, मोठ्या बाजूला घट्ट झालं तर होतो.

५) मापावरून साईज काढणं, आणि सगळ्यात मोठा घोळ

साईजमधला आकडा म्हणजे पट्टा आणि अक्षर म्हणजे कप. अक्षराचा अर्थ स्वतंत्र काही नसतो, छातीचा घेर आणि पट्टा यातला फरक एवढंच ते सांगतं, साधारण एका इंचाला ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी, पाचला डीडी, सहाला ई असं. म्हणजे "सी कप म्हणजे मोठी छाती" हे खरं नाही, ३२ सी आणि ३८ सी यांच्या कपात खूप फरक असतो.

घोळ पट्टयाच्या आकड्यात आहे. काही कंपन्या छातीखालचा जो घेर इंचात येतो तोच पट्टयाचा आकडा धरतात, आणि काही त्यात चार-पाच इंच मिळवून मग आकडा देतात. सेंटिमीटरवाल्या साईज अजून वेगळ्या. उदाहरण देते. समजा खालचा घेर ३२ इंच (साधारण ८१ सेंमी) आणि छातीचा घेर ३८ इंच (साधारण ९६.५ सेंमी) आहे:

- घेर तोच पट्टा धरणाऱ्या कंपनीत: पट्टा ३२, फरक ६ इंच, म्हणजे ३२ ई (काही ठिकाणी यालाच डीडीडी किंवा एफ लिहितात)
- चार इंच मिळवणाऱ्या कंपनीत: पट्टा ३६, फरक २ इंच, म्हणजे ३६ बी
- युरोपियन पद्धतीत: ८० बी

बाई एकच, आणि लेबलं तीन. म्हणून "माझी साईज ३४ आहे" हे डोक्यातून काढून टाका आणि दोन मापं लक्षात ठेवा, मग ज्या कंपनीची घेणार तिच्या चार्टमध्ये ती मापं बघून साईज काढा, प्रत्येक वेळी. जुन्या ब्राच्या लेबलवरून, मैत्रिणीच्या साईजवरून किंवा ऑनलाईन कुठल्यातरी कॅल्क्युलेटरवरून ऑर्डर करू नका, तो कॅल्क्युलेटर कुठल्या पद्धतीचा आहे हे त्यावर लिहिलेलंच नसतं.

६) जागा सोडायची, पण कुठे?

"बाळ होणार आहे ना, मग दोन साईज मोठीच घे" हा सल्ला सगळीकडून मिळतो, आणि तो अर्धाच बरोबर आहे. मोठा कप घ्यायचाय, मोठा पट्टा नाही. शेवटच्या महिन्यात ३६ बी आली तर ३६ सी घ्या. बऱ्याच जणी ३८ बी घेतात, आणि ३८ बी चा कप साधारण ३६ सी एवढाच असतो, म्हणजे कपात मिळालं तेवढंच आणि वर पट्टा ढिला, आणि बाळंतपणानंतर घेर उतरला की तो अजून ढिला. छातीचा भार मुख्यतः पट्टा उचलतो, स्ट्रॅप नाही, त्यामुळे पट्टा सैल झाला की सगळं वजन खांद्यावर येतं, आणि तासन्‌तास मान खाली घालून पाजणाऱ्या बाईची मान-खांदे आधीच भरून आलेले असतात.

एक कप जास्त पुरे होतो का? मऊ, ताणल्या जाणाऱ्या कापडाची असेल तर बहुतेक वेळा होतो. कडक साच्यातल्या, म्हणजे मोल्डेड कपाच्या ब्रा मी सुरुवातीला घेऊच नका म्हणेन, त्या वाढत नाहीत आणि दिवसातून चार वेळा आकार बदलणाऱ्या छातीला वाढणारं कापडच लागतं (पाजायच्या आधी आणि नंतर छाती केवढी वेगळी असते हे अनुभवल्याशिवाय खरंच वाटत नाही).

७) घालून बघताना

ऑनलाईन मागवली असेल तरी हे सगळं घरी करून बघा, टॅग काढायच्या आधी. परत घेतात की नाही ते ऑर्डर करतानाच वाचून ठेवा, बरेच विक्रेते आतले कपडे परत घेत नाहीत.

सैल हुकावर लावा, थोडं पुढे वाकून हाताने छाती बाजूने आत घेऊन कपात नीट बसवा, मग उभ्या राहा. पट्टा पुढे-मागे एका पातळीत हवा. पाठीवर कमानीसारखा वर चढत असेल तर पट्टा मोठा आहे, स्ट्रॅप घट्ट करून तो खाली येणार नाही. पट्टयाखाली दोन बोटं सहज जायला हवीत, स्ट्रॅपखालीही तेवढंच.

आता कपात पॅड ठेवा. पॅड ठेवूनही वरच्या काठाशी थोडी जागा उरली पाहिजे, कापड किंचित सैल दिसलं पाहिजे. शेवटच्या महिन्यात जो कप अगदी फिट, सुंदर बसतो तो दूध उतरल्यावर लहान पडणार हे धरून चाला. वरून किंवा काखेच्या बाजूने छाती बाहेर येत असेल तर लगेच बाजूला ठेवा.

मग खाली बसा. हे महत्त्वाचं आहे कारण बसल्यावर पोट वर येतं आणि पट्टा गुंडाळला जाऊन टोचायला लागतो, आणि पुढचे कित्येक महिने तुम्ही बसूनच पाजणार आहात. हात वर करून बघा, पट्टा छातीवर चढतो का.

आणि क्लिप. एक उशी बाळासारखी कडेवर घ्या आणि फक्त एका हाताने, न बघता, क्लिप उघडा आणि परत लावा. उघडणं सोपं असतं, लावणं कठीण. डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही करून बघा. काही क्लिप दिसायला छान नाजूक असतात पण बोटाला सापडतच नाहीत, अशी घेऊ नका. कप खाली सोडल्यावर आत कापडाची चौकट राहते ती पण बघा, काहींमध्ये गोल भोक एवढं लहान असतं की छातीचा थोडाच भाग मोकळा होतो आणि बाकीच्यावर कडा दाबत राहते. जेवढा भाग मोकळा तेवढं बाळाला नीट धरता येतं आणि तुम्हालाही दाब नाही. सोडलेला कप छातीखाली गोळा होऊन वर ढकलत नाही ना हेही बघा.

८) कुठला प्रकार घ्यायचा

क्लिपवाली दिवसभरासाठी सगळ्यात सोयीची, आधार चांगला मिळतो. बाजूला सारायची, म्हणजे पुढून एकमेकांवर येणारी, हुकाशिवायची मऊ ब्रा पहिल्या दोन-तीन आठवड्यांसाठी आणि रात्रीसाठी उत्तम, ती बहुतेक एस, एम, एल अशा साईजमध्ये येते त्यामुळे कपाचा नेमका अंदाज चुकला तरी भागतं. समोर हूक किंवा चेनवाली उघडली की दोन्ही बाजू एकदम मोकळ्या होतात, काही जणींना ते आवडतं, मला नाही आवडलं, एका बाजूला पाजताना दुसरीकडून दूध गळत असतं आणि पॅड धरायला काहीच नसतं. पंपिंगची, म्हणजे पंपाने दूध काढताना घालायची, वेगळी ब्रा आधी घेऊन ठेवू नका, पंप खरंच लागला तर घ्या.

वायरचं म्हणाल तर निदान पहिले दोन-तीन महिने नकोच. छाती फुगते-उतरते आणि वायर तिथेच राहते, मग ती दुधाच्या भागावर दाबते. पुढे सगळं स्थिर झाल्यावर घालायची असेल तर नीट मोजून, आणि वायर छातीच्या बाहेरून फासळीवर बसते की नाही हे बघून. तोच नियम खूप घट्ट स्पोर्ट्स ब्रालाही.

कापड सुती किंवा सुती-इलॅस्टेन मिश्र, आतून मऊ, आणि निपलवर शिवण येणार नाही अशी. ही शिवण दुकानात जाणवत नाही, पहिल्या आठवड्यात निपल हुळहुळं झालेलं असताना जाणवते.

९) किती घ्यायच्या

आधी फक्त तीन: दोन दिवसाच्या, एक मऊ रात्रीची. एक अंगावर, एक धुण्यात, एक वाळत. दूध जास्त गळत असेल तर चौथी नंतर घ्या. हॉस्पिटलच्या बॅगेत मऊवाली आणि एक क्लिपवाली टाका, सोबत पॅड. आधी एकदा धुवून ठेवा. धुताना हूक लावून, जाळीच्या पिशवीत घाला, आणि कापडी पॅड असतील तर फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नका, त्याने पॅड दूध शोषत नाहीत. ओलं पॅड तसंच ठेवू नका, लगेच बदला, त्वचा खराब होते. रात्री ब्रा घालायलाच हवी असंही काही नाही, पॅड जागेवर राहावं एवढ्यासाठीच मऊवाली आहे, नको वाटली तर काढून ठेवा.

१०) दूध उतरल्यावर कुठलीच बसेना तर

असं झालं तरी घाबरू नका आणि कोंबून घालू नका. हे फुगणं बहुतेक वेळा काही दिवसांत उतरतं. तोवर एक्स्टेंडर लावा किंवा ब्रा न घालता मऊ बनियन आणि त्यात पॅड, एवढं पुरतं. बाळाला वरचेवर पाजा, पाजून झाल्यावर गार ओला कपडा ठेवला तर बरं वाटतं. त्या फुगलेल्या दिवसांत माप घेऊन नवीन ब्रा मागवू नका, माझ्या बहिणीने घाईत तशा मागवल्या आणि दोन आठवड्यांनी त्या सगळ्या मोठ्या व्हायला लागल्या.

रोज ब्रा काढल्यावर आरशात एकदा बघायची सवय लावा. हलके वळ लगेच जातात, त्याचं काही नाही. पण बराच वेळ लाल राहणारा वळ, त्याच जागी दुखणं किंवा गाठ लागणं म्हणजे ती ब्रा तिथे दाबतेय, ती घालणं बंद करा. छातीचा भाग लाल, गरम, दुखरा झाला आणि ताप किंवा थंडी वाजून अंग मोडून आलं तर वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांनी वेगळं सांगितलं नाही तर पाजणं थांबवू नका.

११) परत कधी मोजायचं

सहा ते आठ आठवड्यांनी. तेव्हा घेरही बराच उतरलेला असतो आणि दूधही बसलेलं असतं. आतल्या हुकावर आणूनही पट्टा फिरत असेल तर पट्टयाची एक साईज कमी करा, पण लक्षात ठेवा, पट्टा एक खाली गेला की तेवढाच कप ठेवायला अक्षर एक वर जातं, ३६ सी वरून ३४ डी, ३४ सी नाही. जरा नीट दिसणारी, जास्त आधाराची, बाहेर जायला घालायची ब्रा आत्ता घ्या, आधी नाही. पुढे बाळ वरचं खायला लागलं की आणि पाजणं बंद केलं की छाती परत उतरते, तेव्हा तीच टेप काढून पुन्हा दोन मापं घ्यायची.